टीव्हीचा रिपोर्टर व्हायचं तर सुरुवात कुठून? तालुक्यातून की मुंबईच्या डेस्कवरून?

बार्शीचा_मामा

मंडळी, सल्ला हवाय. भाची पत्रकारितेची पदवी घेऊन बार्शीला परतली आहे. सध्या इथल्या केबल चॅनेलवर काम करते. शूट तीच करते, बातमी तीच लिहिते आणि संध्याकाळी ओढणी नीट करून वाचायलाही तीच बसते. गावात ओळख झाली आहे, भाजीवाले "ताई, आमचा रस्ता दाखवा की" म्हणतात. पैसे मात्र पेट्रोलपुरते.

आता तिच्यासमोर दोन गोष्टी आल्या आहेत. एका "राज्यस्तरीय वृत्तवाहिनी"ने तालुका प्रतिनिधी म्हणून नेमायची तयारी दाखवली आहे. ओळखपत्र आणि बूमचे (चॅनेलचा लोगो लावलेल्या माइकचे) पाच हजार आपण भरायचे, पगार नाही, जाहिराती आणल्या तर कमिशन. दुसरीकडे मुंबईत एका बऱ्यापैकी चॅनेलच्या डेस्कवर, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या तयार करायला, ट्रेनी म्हणून घेतायत. पगार असा की पनवेलला खोली घेतली तर जेवणाचे वांधे. तिला रिपोर्टर व्हायचंय, खुर्चीत बसायचं नाही. आमची ताई म्हणते, हे सगळं सोड आणि बीएड कर.

या धंद्यातले कुणी इथे असतील तर खरं काय ते सांगा. "मेहनत करा, यश मिळेल" छापाचे प्रतिसाद नकोत.

चहाटळ

पाच हजार भरून नोकरी? बूमवरचं लोगोचं खोकं फ्लेक्सवाला दोनशे रुपयांत करून देतो. पाच हजारांत भाचीचं स्वतःचं चॅनेल निघेल, वर संपादकपद फुकट.

टेपवाला

चहाटळ यांनी गमतीत सांगितलं, पण तेच खरं आहे. जे चॅनेल प्रतिनिधीकडून पैसे घेतं, त्याचा धंदा बातम्यांचा नसून ओळखपत्रांचा असतो. असे लोक एकेका तालुक्यात चार-चार प्रतिनिधी नेमतात. ते चौघे तहसील कचेरीत एकमेकांना भेटतात तेव्हा उलगडा होतो. तिकडे फिरकूही नका.

मी लातूर भागात बरीच वर्षं स्ट्रिंगर (पगार नाही, बातमीमागे पैसे घेणारा बातमीदार) होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कागदावरची उतरंड अशी: तालुक्याचा स्ट्रिंगर, मग जिल्हा प्रतिनिधी, मग पुणे, नागपूर, नाशिक, संभाजीनगर अशा ठिकाणचा ब्युरो आणि शेवटी मुंबई. प्रत्यक्षात पहिल्या दोन पायऱ्या आणि वरच्या दोन पायऱ्या वेगवेगळ्या घरातल्या आहेत. जिल्ह्यातला माणूस वीस वर्षांनीही जिल्ह्यातच असतो, फक्त त्याच्या बूमचा रंग बदलतो.

सुरुवात केली तेव्हा मिनी डीव्ही टेपचा जमाना होता. चारच्या आत शूट आटपायचं, टेप पाकिटात घालून वर स्केचपेनने नाव लिहायचं आणि मुंबईला निघालेल्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. मग ऑफिसला फोन करून गाडीचा नंबर सांगायचा. सकाळी कुणीतरी ती उतरवून घ्यायचं. ड्रायव्हर टेप डॅशबोर्डवर उन्हात ठेवायचा, म्हणून आम्ही ती नारळाच्या पिशवीत घालून "प्रसाद आहे" सांगायचो. मग नीट पोचायची. पुढे इंटरनेटवरून फाइल पाठवायचं एफटीपी आलं. सायबर कॅफेत दोन मिनिटांची क्लिप चढवायला दीड तास लागायचा, आणि लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

पैसे बातमीवर. तेही लागलेल्या बातमीवर. पाठवलेली आणि लागलेली यात फार अंतर असतं बरं का. पेट्रोल आपलं, कॅमेरा आपला, टेपसुद्धा आपली. महिन्याच्या शेवटी आपणच यादी करून पाठवायची, "या या तारखेला या बुलेटिनला लागली". टीव्ही बघायला वेळ नसायचा, म्हणून बायको वहीत टिपून ठेवायची.

अवांतरप्रेमी

टेपवाले काका, दंडवत. वहिनींनाही मानधन मिळायला हवं होतं.

डेस्कवाली

मी मुंबईत इनपुटला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या बातम्या घेणाऱ्या डेस्कला होते, आता दुसरीकडे आहे. टेपवाल्यांचं पैशांबद्दलचं सगळं मान्य. पण जिल्ह्यातला माणूस वर येत नाही याला निव्वळ मुंबई जबाबदार आहे, हे नाही पटत.

रात्रीच्या शिफ्टला व्हॉट्सअॅपवर ज्या स्क्रिप्ट यायच्या त्या अशा: "तालुक्यात अवकाळी पावसाने थैमान घातल्याने बळीराजा हवालदिल झाला असून शासनाने तातडीने पंचनामे करून मदत द्यावी अशी मागणी होत आहे." गाव कुठलं? पीक कुठलं? मागणी कोण करतंय? बाइट (कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) म्हणून तालुकाध्यक्ष, त्याच्यामागे आठ कार्यकर्ते. विज्युअल गाडीच्या काचेतून घेतलेलं. याचं मी काय करू? स्क्रीनखालच्या टिकरवर एक ओळ चालवून मोकळी व्हायचे.

आणि एकदा नाशिक भागातल्या एका नव्या मुलाने पाठवलेलं अजून आठवतं. पहिला शॉट तडकलेल्या द्राक्षमण्याचा, इतका जवळून की आतली बी दिसत होती. दुसरा, बागेखाली पडलेल्या घडांवर बसलेल्या माशा. मग शेतकऱ्याची जेमतेम दहा सेकंदांची बाइट: "औषधाची उधारी दुकानात आहे, आन् माल खाली पडलाय." संपलं. व्हीओ, म्हणजे चित्रांवरचं निवेदन, चार ओळींचा. सकाळच्या बुलेटिनला पहिली बातमी म्हणून चालवली. वर्षभराने त्या मुलाला आम्ही ब्युरोला घेतलं. त्याच्याकडे पदवीही धड नव्हती.

भाचीला सांगा, डेस्कवर ये. दोन वर्षांत शंभर जिल्हा प्रतिनिधींच्या चुका वाचायला मिळतात. मग रिपोर्टिंग माग.

टेपवाला

डेस्कवाली ताई, घ्या मग ऐका. २०१६ चा दुष्काळ. लातूरच्या पाण्यावर आम्ही हिवाळ्यापासून बातम्या पाठवत होतो. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, टँकरमागे कोण धावतं, घागरींच्या रांगेत भांडणं कशी होतात. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावलं, तेव्हा कुठे जरा हलचल झाली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या पहाटे प्लॅटफॉर्मवर वाघिणींपेक्षा कॅमेरे जास्त होते. मुंबईहून, दिल्लीहून माणसं आलेली. गाडी ठरवली मी, पाण्याचा प्रवास समजावून सांगितला मी, बाइटसाठी माणूस धरून आणला मी. स्क्रीनवर नाव आणि चेहरा पाहुण्याचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. यात माझी स्क्रिप्ट कुठे वाईट होती?

डेस्कवाली

हे मात्र होतं. नाकारत नाही. मोठी बातमी झाली की चॅनेलला ओळखीचा चेहरा हवा असतो. पण निदान क्रेडिटमध्ये दोन नावं द्यायला पैसे पडत नाहीत, हे मी तेव्हाही बोलले होते.

राजेहो_नागपूर

आमच्याकडं डिसेंबरात दरवर्षी हेच चालते. अधिवेशन लागलं की मुंबईचे साहेब लोक येतात आन् आम्हाला काम काय, तर संत्रा बर्फी कुठची आणायची आन् सावजी कुठं चांगलं भेटते ते सांगणं. मी तर एकाला सांगून टाकलं, भाऊ, मी रिपोर्टर आहो, लॉजवाला नाही. तरी रात्री घेऊन गेलोच म्हणा.

ओहायोतला_कोकणी

थोडं वेगळं. माझी मुलगी इथल्या एका छोट्या शहरातल्या टीव्ही स्टेशनवर रिपोर्टर आहे, त्यामुळे हा धंदा जवळून बघतोय. अमेरिकेत प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीने देशाचे टीव्हीसाठी २१० भाग पाडलेत. पहिला न्यूयॉर्क, दुसरा लॉस एंजेलिस, तिसरा शिकागो आणि शेवटून पहिला माँटाना राज्यातलं ग्लेंडाइव्ह नावाचं चिमुकलं गाव. पोरं कॉलेज संपलं की तळाकडच्या एखाद्या गावात लागतात. बहुतेकदा दोन-तीन वर्षांचा करार. करार संपला की वरच्या शहरात अर्ज. गाडी चालवणं, कॅमेरा लावणं, स्वतःच समोर उभं राहणं, एडिट करणं, सगळं एकटीने. कॅमेरा तिपाईवर लावते आणि फोकससाठी आपल्या जागी लाइट स्टँड उभा करते. बर्फात हे करताना बघितलं की पोटात कालवतं. पगार तिथेही बेताचाच आणि करार मध्येच मोडला तर भरपाई द्यावी लागते.

पण एक फरक आहे. तिथे गावाचं स्टेशन गावासाठीच बातम्या देतं. सहाच्या बातम्यांत शाळा, पूल, आग, हवामान. त्यामुळे तिथली रिपोर्टर तिथे मुख्य असते. आपल्याकडे बार्शीची मुलगी बार्शीची बातमी मुंबईला पाठवणार, मुंबई ठरवणार, आणि बार्शीकर ती बघणार.

टेपवाला

एकदम बरोबर पकडलंत. आपल्याकडे गावासाठीचं टीव्ही म्हणजे ती ज्यावर काम करते ते केबल चॅनेलच. त्याला कुणी करिअर म्हणत नाही, पण "आमचा रस्ता दाखवा" हे लोक तिथेच म्हणतात.

जुनी_पेटी

तुम्ही सगळे २४ तासांच्या बातम्यांतले. आम्ही २ ऑक्टोबर १९७२ पासून बघतोय, मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हापासून. शेजारच्यांच्या घरी, चाळीतल्या पंचवीस डोक्यांमागून. तेव्हा रिपोर्टर नावाचा प्राणी फारसा दिसायचाच नाही, बातम्या म्हणजे निवेदक. स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी तिथेच बातम्या द्यायच्या, जीन्सवर साडी नेसून, हा किस्सा तर सर्वांना ठाऊक. प्रदीप भिडे १९७४ पासून कित्येक दशकं होते. त्यांचा आवाज आला की आमच्याकडे कुकर लागायचा.

चहाटळ

आता कुकरची शिट्टी आणि अँकर यांतलं आधी कोण थांबतं ते बघावं लागतं.

हैदराबाद_रिटर्न

जुनी पेटी यांच्या आणि आजच्या मधला एक टप्पा राहिला. २००० साली ईटीव्ही मराठी आलं. मराठी बातम्या चक्क हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून निघायच्या. मराठवाड्यातली, विदर्भातली पोरं पहिल्यांदा घर सोडून तिकडे गेली. आजूबाजूला तेलुगू, कॅन्टीनमध्ये सांबार, आणि आम्ही परभणी-यवतमाळच्या बातम्या लिहीत बसलेलो. २००७ आणि २००८ मध्ये मुंबईत एकामागोमाग एक मराठी वृत्तवाहिन्या निघाल्या, तेव्हा त्यांना तयार माणसं हवीच होती. हैदराबादला शिकलेले कितीतरी जण तिकडे गेले. म्हणजे जिल्ह्यातून वर जायची वाट एकदा खरोखर उघडली होती. नवीन चॅनेल निघतात तेव्हाच ती उघडते. मामा, भाचीला सांगा, नवं चॅनेल येतंय अशी कुजबुज कानावर आली की पहिल्याच आठवड्यात अर्ज टाक.

पंचगंगा

मी कोल्हापूरची, फिल्डवर काम केलेली बाई. आतापर्यंत सगळं पुरुषांच्या बाजूने चाललंय म्हणून लिहिते.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर. शिरोळ तालुका पाण्याखाली, हायवे बंद, त्यामुळे बाहेरून कुणी येऊच शकत नव्हतं. तेवढे दिवस आम्ही स्थानिक लोकच स्क्रीनवर होतो! पाठीवर लाइव्हची बॅग. तिच्यात पाच-सहा कंपन्यांची सिम एकदम चालतात, म्हणून एका टॉवरची रेंज गेली तरी चित्र जातं. पुरात टॉवरच बंद पडले, मग काय. एका हॉस्पिटलच्या गच्चीवर दोन काड्या रेंज होती, तिथे जनरेटरही होता. दिवसभर बोटीतून फिरायचं आणि लाइव्हला त्या गच्चीवर चढायचं.

लोक विचारतात, भीती नाही वाटली? खरा प्रश्न बाथरूमचा होता. सकाळी घरातून निघताना पाणी प्यायचं नाही, हा फिल्डवरच्या प्रत्येक बाईचा नियम. उन्हाळ्यातली सभा असो की वारी. पुरात चहूकडे पाणी आणि मी घोटसुद्धा घेत नव्हते. या धंद्यात मुतखडा किती जणींना झालाय याची बातमी कुणी केली नाही.

तरीही भाचीने फिल्ड सोडू नये. जिल्ह्यात बाई रिपोर्टर एखादीच असते, त्यामुळे बायका तिच्याशी बोलतात. पाणी उतरल्यावर आम्ही छावणीत गेलो. सगळ्या कॅमेऱ्यांना बायकांनी "सरकारने मदत करावी" एवढंच सांगितलं होतं. मी कॅमेरा बाजूला ठेवून भाकऱ्या थापायला बसले तेव्हा एकीने सांगितलं की तिच्या म्हशींची दावी कापायला तीच परत गेली होती, नवरा नाही. ती माझी त्या पुरातली सगळ्यांत चांगली बातमी.

भाऊ_इचलकरंजी

ताई, तो पूर आठवला की आजबी झोप उडत्या. तुमच्या त्या लाइव्हमुळं आमच्या आत्याचं घर किती बुडालंय ते आमाला कळालं. लई उपकार.

स्पष्टवक्ता

सगळे भावुक झालात, आता कडू बोलतो. रिपोर्टरला पगार नाही तर घर चालतं कशावर? १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि नेत्यांचे वाढदिवस. शुभेच्छांच्या जाहिराती आणायच्या आणि कमिशन घ्यायचं. ज्या साखर कारखान्याच्या चेअरमनकडून जाहिरात घेतली, त्याच्याविरुद्ध ऊस बिलाची बातमी करणार का? शिवाय पत्रकार परिषदेतली पाकिटं. याबद्दल एकानेही लिहिलं नाही.

टेपवाला

लिहितो की. जाहिरात मीही आणली आहे. पाकीट घेतलं नाही, पण घेणाऱ्याला शिव्याही घातल्या नाहीत, कारण त्याच्या मुलीची फी कुठून जाते ते मला माहीत होतं. चॅनेल पेट्रोलसुद्धा देत नाही आणि निर्भीड बातमी मागतं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सांगितल्यावर कुणीतरी पीठ चोरणारच. आमच्याकडे बरेच जण शेती, मोबाइलचं दुकान किंवा शिक्षक असलेल्या बायकोचा पगार यावर सरळ राहिले. दुसरं उत्पन्न असलं की पाठीचा कणा ताठ राहतो. त्यामुळे ताईंचं बीएड अगदीच टाकाऊ नाही हो.

स्पष्टवक्ता

हे पटलं. शब्द मागे घेत नाही, पण तुम्हाला लागू नाही.

कायद्याचं_बोला

पगाराच्या चर्चेत एक कागद सगळेच विसरताय. नेमणुकीचं पत्र. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा २०१७ मध्ये विधिमंडळाने केला. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे नाही. पण संरक्षण मागायचं तर आपण माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी कामाला आहोत हे दाखवावं लागतं. व्हॉट्सअॅपवर "उद्यापासून सुरू कर" एवढाच पुरावा असेल तर ठाण्यात काय दाखवणार?

दुसरं, १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता, टीव्हीवाले त्यात नव्हतेच. २०२० च्या कामगार संहितेत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमातले पत्रकार पहिल्यांदा व्याख्येत आले. अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यता, देणार सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय. तिथेही संस्थेचं पत्र लागतं. पाच हजारवाल्यांचं प्लास्टिकचं कार्ड म्हणजे अधिस्वीकृती नव्हे. गाडीवर "प्रेस" लिहिण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही, आणि टोलनाक्यावर तेवढाही नाही.

गच्चीवरून_लाइव्ह

जिल्हा प्रतिनिधी होतो, सोडलं. आता स्वतःचं यूट्यूब चॅनेल आहे, एका तालुक्यापुरतं. बाजारभाव, धरणातला साठा, ग्रामपंचायतीचे वाद. कापसाचा भाव टाकला की राजकारणापेक्षा जास्त बघतात. स्वातंत्र्य आहे म्हणू नका, आता जाहिरातदाराचा फोन थेट मलाच येतो. आधी निदान "मुंबईला विचारतो" म्हणून टाळता यायचं.

अवांतरप्रेमी

"मुंबईला विचारतो" हे नवऱ्यांच्या "हिला विचारतो" सारखंच दिसतंय.

बार्शीचा_मामा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. भाचीने काल रात्री सगळा धागा वाचला. पाच हजारवाल्यांना नकार कळवला. त्यांचा लगेच फोन आला, "ठीक आहे, तीन हजार द्या." 

मुंबईबद्दल तिचं अजून ठरत नाही. डेस्कवालींना तिचा प्रश्न: एकदा डेस्कवर बसलं की फिल्डवर खरंच पाठवतात का, की लोक तिथेच अडकतात?

डेस्कवाली

खरं सांगायचं तर बरेच अडकतात. चांगलं लिहिणाऱ्याला तर मुद्दाम सोडत नाहीत, कारण बुलेटिन त्याच्यावर चालतं. रुजू होतानाच वर्षभरानंतर रिपोर्टिंग मिळेल हे मेलवर लिहून घ्यायचा आग्रह धरायचा. देणार नाहीत, पण मागितलं होतं हे लक्षात राहतं.

पंचगंगा

माझं मत वेगळं. तिच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे! आषाढीला प्रत्येक चॅनेलची टीम तिथे उतरते आणि प्रत्येकाला जादा हात लागतात. यंदा तिने सोलापूरच्या दोन-तीन प्रतिनिधींना आधीच भेटून ठेवावं. चंद्रभागेच्या वाळवंटात कुठून रेंज मिळते, कुठल्या मठाच्या गच्चीवर कॅमेरा लावू देतात, दर्शनरांगेत आत कुठून शिरता येतं, एवढं जिला ठाऊक आहे तिचा नंबर त्या आठवड्यात रिपोर्टरांना काम वाटणाऱ्या सगळ्या असाइनमेंट डेस्ककडे जातो. मुंबई कुठे पळून जात नाही, केबलचं काम चालू ठेवून हे जमेल.

टेपवाला

अनुमोदन. शिवाय आकाशवाणी जिल्ह्यांत अंशकालीन वार्ताहर नेमते, त्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. पैसे थोडे, पण सरकारी कागद. आणि एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, तलाठी, दूधवाले यांचे नंबर जमवायला सांगा. २०१४ साली पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरड कोसळून गाडलं गेलं, ते बाहेर कळलं एसटीच्या ड्रायव्हरमुळे. गावाच्या जागी चिखल बघितला तो त्याने.

बार्शीचा_मामा

पंढरपूरवर तिचं आणि ताईचं पहिल्यांदा एकमत झालंय, वारीत ताईसुद्धा येते म्हणाली. शेवटचा प्रश्न: नमुना व्हिडिओ पाठवायचा तर किती मोठा, आणि त्यात अँकरिंग घालावं का?

डेस्कवाली

दोन मिनिटं, त्याहून जास्त कुणी बघत नाही. अँकरिंग नको. सुरुवातीला तिचा चेहरा नको, बातमीचा सगळ्यांत चांगला शॉट टाका. पीटूसी (कॅमेऱ्याकडे बघून बोलणं) एकच, चालत चालत, आणि मागे काय आहे ते बोलण्यात आलं पाहिजे. नाव-नंबर शेवटी मोठ्या अक्षरात. पार्श्वसंगीत घातलंत तर मी स्वतः रिजेक्ट करायला परत त्या ऑफिसात जाईन.